कागदाएवढी फट

खोक्यावर लिहिलं होतं, पळायला तयार.
पळवायला मी घेतलीच नव्हती.
मला हवी होती रांगणारी,
दगडाला पोट लावून चढणारी.
एकोणतीस वर्षं लोको शेडमध्ये
सहा हजार अश्वशक्तीची इंजिनं उघडली, मिटली;
आता भुसावळच्या घरात, ओट्यावर,
ही अडीच किलोची.

कोकिळा म्हणाली, "कोनाच्या पोरासाठी?"
म्हटलं, "मले."
ती काही बोलली नाही.
मशिनखाली अर्धं ब्लाऊज होतं,
ते पुढे सरकवलं.

पहिल्या दिवशी पुढे दाबलं तर मागे गेली.
रिमोटवरचं एक बारीक बटण उलटं, तेवढंच.
दुसऱ्या दिवशी पुढची चाकं सरळ उभी राहीनात,
सारखी डावीकडे,
झोपे मास्तरांच्या दाराकडे बघायची.
ट्रिम फिरवली. फिरवून फिरवून संपली.
मग सर्वोचा हात उपसला,
एक दात सरकवून पुन्हा बसवला.
नव्या वस्तूचं असंच असतं,
बांधणारा कुठेतरी घाईत असतो,
त्याची घाई आपण सोडवत बसायची.
सोडवली. स्क्रू न् स्क्रू काढला,
टोकाला निळ्या डिंकाचा थेंब,
परत आवळला.

तरी कण्हत होती.
बॅटरीवर संशय घेतला, बेअरिंगवर घेतला,
मे महिन्यावरही घेतला
(पंचेचाळीस डिग्रीत आपणही कण्हतो).
कोकिळेने पायडल थांबवलं, कान दिला.
"बॉबिन अडकल्यावानी वाजू राह्यलं.
दोघं लईच चिटकून बसले असतीन."

कोण दोघं, तिला ठाऊक नव्हतं.
मला होतं. पिनियन आणि त्याच्यापुढचं मोठं चक्र.
सावद्याच्या केळीची जुनी तोलपावती फाडली,
पट्टी दातांमध्ये धरली,
मोटार दाबून आवळली,
बोटाने चक्र फिरवत पावती बाहेर काढली.
तिच्यावर बारीक चावे,
एकसारखे,
कुठेच फाटलेली नाही.
शेडमध्ये हेच मी पात्यांनी मोजायचो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.
आवाज गेला.
कोकिळा पुन्हा बाहीकडे वळली.

रविवारी सुकीच्या पात्रात, पालच्या अलीकडे.
पाणी नाही, नुसते गोटे,
आणि एक काळा खडक म्हशीच्या पाठीएवढा.
चढताना नाक वर, वर, वर,
आणि पाठीवर. शेणकिड्यासारखी.
सहा वेळा.
हिलाल सपकाळे नुसता बघायला आला होता,
हतनूरला जाळं टाकणारा,
जाळं कायम मोटारसायकलला बांधलेलं.
सातव्यांदा पडली तेव्हा म्हणाला,
"डोकं जड कर ना भाऊ तिचं. खालून."
आणि जाळ्याच्या कडेची शिशाची मणी
दाताने ढिली करू लागला.
चौदा निघाली. सात उजव्या चाकात, सात डाव्या.
बॅटरी मागून काढली, पुढे बांधली,
कोकिळेच्याच नाडीने.

मग बोट इतकं कमी दाबायचं
की दाबलं असं बोटालाही वाटू नये.
टायर खडकावर मऊ झाला,
पीठ मळताना हाताखाली होतं तसा,
एका कपारीला धरलं, सोडलं, धरलं.
अर्ध्यावर गेल्यावर मी बोट काढून घेतलं.
तीन चाकं खडकाला,
चौथं हवेत, तेही थांबलेलं.
ब्रेक आदल्या रात्री शंभरवर नेला होता.
हिलालने विडी पेटवली नाही,
नुसती ओठात धरली.

अंजनाच्या सावलीतून कोकिळा उठून आली,
कळण्याची भाकर अर्धी हातात.
"पडन ना वो."
"नाही पडत."
"उतरवा मंग."
"राहू दे जरा."

ती वाकली, खालून बघितलं,
शिवण बघावी तसं.
भाकर हिलालच्या हातात दिली,
पदराला बोटं पुसली
आणि रिमोटसाठी हात पुढे करून विचारलं,
"कोनतं बोट?"